तारामतीच्या गाडीवरचा भोंगा

तारामती स्लॅबखाली झोपत नाही, हे लातूरच्या औसा रोडवरच्या त्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तिच्या लेकाचं, बालाजी सरांचं, तीन मजली घर. खाली क्लासचं ऑफिस आणि दोन वर्गखोल्या, वरचे दोन मजले राहायला. फरशी अशी गुळगुळीत की पाय घसरावा. आणि त्या घरातली थोरली बाई मात्र मागच्या पार्किंगमध्ये पत्र्याखाली बाज टाकून झोपायची. डास चावोत, थंडी पडो, वावधान सुटो. सून पुनम आधी रोज वर बोलवायची. एकदा तारामती तिच्यावर अशी कडाडली की त्यानंतर पुनमनं तो विषयच सोडला.

कारण कुणाला सांगावं लागत नव्हतं. तारामती किल्लारीजवळच्या खेड्यातली. भूकंप झाला तेव्हा म्हैस व्यायला झाली होती म्हणून ती गोठ्यात होती. नवरा निवृत्ती, बारा वर्षांचा बालाजी आणि चार वर्षांची सिंधु घरात झोपलेली. माळवदाची माती, भिंतींचे दगड, तुळया, सगळं एकदम खाली बसलं. तारामतीनं नुसत्या हातांनी उकरून बालाजीला बाहेर काढलं तेव्हा दुपार झाली होती. निवृत्ती आणि सिंधु दुसऱ्या दिवशी जवानांना सापडले. त्या दिवसापासून तिनं लेकीचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. सरकारनं नव्या गावठाणात घर बांधून दिलं, त्यात तिनं धान्य ठेवलं आणि स्वतः अंगणात झोपली. बालाजीला शिकवलं, मोठं केलं, त्यानं लातुरात क्लास काढला, तो नावारूपाला आला, तरी ती अंगणातच.

तिच्या या हट्टानं तिला बांधूनही टाकलं होतं. बहीण नागुबाई इस्लापूरला. तिच्याकडं वीस वर्षांत तारामती मुक्कामाला गेली नव्हती, कारण तिथं अंगण नव्हतं आणि घराला स्लॅब होता.

मग एका हिवाळ्यात गावाकडच्या तिच्या शेताशेजारी ऊस तोडायचं मोठं मशीन आलं. मशीनबरोबर त्यावरच्या माणसांची राहायची गाडी होती. चाकांवरची खोलीच म्हणायची. ट्रॅक्टरमागं जोडून कुठंही न्यावी अशी. आत बाजा, फळ्या, एका कोपऱ्यात शेगडी. तारामतीनं दोन दिवस त्या गाडीभोवती फेऱ्या मारल्या. लातूरला आली आणि लेकाला म्हणाली, "मला तसली गाडी करायची हाय."

बालाजी हसला. "आई, आपण सर्कशीतले हाव का?"

"तू हास की न्हाई तुझं तू बघ. मी करणार."

सोयाबीनच्या पैशातून तिनं एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून गाडी करून घेतली. लोखंडी सांगाडा, बाहेरून पत्रा, आतून प्लायवूड, दोन खिडक्यांना जाळी, बाज, फडताळ, पायरी असलेलं दार. पत्रा पडला तरी माणूस मरत नाही, असं तिनं सुनेला सांगितलं. प्रश्न उरला विजेचा. बालाजी म्हणाला, घरातून वायर टाकतो. ती उसळली. "म्हंजे दाव्याला बांधल्यावानी ऱ्हाऊ? मग चाकं कशाला लावली?"

गंजगोलाई बाजाराच्या मागच्या बोळात जिलानीचं बॅटरीचं दुकान होतं. लोडशेडिंगच्या सगळ्या वर्षांत लातूरच्या क्लासवाल्यांचे आणि डॉक्टरांचे इन्व्हर्टर त्यानंच चालते ठेवले होते. तारामतीनं त्यालाच गाठलं. जिलानी म्हणाला, "अक्का, बॅटरीचं मला कळतंय. सोलरचं काम अजून केलं न्हाई. पण करून बघतो."

त्यानं टपावर दोन पॅनल बसवले. पत्र्याला चिकटवून नाही, लोखंडी पट्ट्यांवर चार बोटं उचलून. खालून वारा खेळला नाही तर पॅनल तापतं आणि करंट कमी देतं, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. वायरी भोकातून आत घेतल्या, भोक रबरानं आणि सिलिकॉननं बुजवलं. दोन दांडग्या बॅटऱ्या पुढच्या, ट्रॅक्टर नाहीतर जीपला जोडायच्या दांडीवर जाळीच्या पेटीत ठेवल्या, कारण चार्ज होताना त्यांच्यातून गॅस निघतो आणि तो झोपायच्या खोलीत नको. दोन्ही बॅटऱ्यांचा प्लस प्लसला आणि मायनस मायनसला जोडला. पॅनल आणि बॅटऱ्यांच्या मध्ये कंट्रोलरची तळहाताएवढी पेटी. ऊन कितीही कमीजास्त होवो, ही पेटी बॅटरीला हवा तेवढाच करंट देणार. आणि बॅटरी फार उतरली तर दिवा-पंखा आपोआप बंद करणार.

भर उन्हात त्यानं आधी पॅनलच्या वायरी कंट्रोलरला जोडल्या. मग बॅटरीच्या वायरी टेकवल्या. पुट्ट आवाज झाला, पेटीतून धुराची बारीक रेघ निघाली आणि जळक्या प्लास्टिकचा वास सुटला.

"जाळलास!" तारामती पायरीवरून ओरडली. "जाळलास माझं सामान! येत न्हाई तर हात कशाला लावायचा?"

जिलानीनं आधी सोलरचा माल देणाऱ्या नांदेडच्या व्यापाऱ्याला फोन लावला. बराच वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाला, "उलटं झालं अक्का. आधी बॅटरी जोडायची, मग पॅनल. कंट्रोलरला आधी बॅटरी दिसावी लागती. चूक माझी हाय. नवा कंट्रोलर मी घालतो."

दुसऱ्या दिवशी त्यानं आधी पॅनलवर गोधडी पसरली, म्हणजे उन्हाचा करंटच येऊ नये. बॅटरी जोडली. पेटीवर हिरवा दिवा लागला. मग पॅनल जोडले आणि तारामतीला म्हणाला, "आता ओढा गोधडी." तिनं ओढली. पेटीवरचे आकडे सरसर चढले. आत पंखा फिरायला लागला, तसं तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "काल जाळला नसतास तर कालच फिरला असता."

त्या उन्हाळ्यात बालाजीच्या क्लासची कामं करणाऱ्या वीरभद्रच्या जीपमागं गाडी जोडून ती इस्लापूरला गेली. गावाजवळच्या धबधब्याचं पाणी आटलं होतं, नुसते काळे खडक उघडे पडले होते. तरी दोघी बहिणी रोज तिथं जाऊन बसायच्या. मुक्काम लांबत गेला. नागुबाई तिच्या पंख्याखाली दुपारी झोपायला यायची. परत आली तेव्हा तारामतीच्या तोंडावर पुनमनं कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. पुनमला ते नीट सांगता आलं नसतं, पण त्या महिन्यात सासू तिच्यावर एकदाही ओरडली नाही.

पावसाळ्यात शेतात गाडी नेता येत नव्हती. काळ्या रानात चाकं रुतली असती. म्हणून ती लातुरातच, बालाजीच्या पार्किंगमध्ये उभी राहिली. पोळ्यानंतर चाकूरहून निरोप आला की तारामतीचा भाऊ शिवमूर्ती दवाखान्यात आहे, पोटाचं ऑपरेशन झालंय. ती एसटीनं गेली. दवाखान्याच्या व्हरांड्यात झोपून भावाची उस्तवार केली आणि त्याला घरी पोचवूनच परतली.

परत आली आणि गाडीत शिरून बटण दाबलं. दिवा लागला नाही. पंखा हलला नाही.

बालाजी खाली आला. "ढग होते आई. ऊनच न्हाई पडलं."

"चाकूरला तर कडक ऊन होतं."

"मग बॅटऱ्याच जुन्या घातल्या असतील त्या जिलानीनं. असल्या लोकांचा काय भरवसा." असं म्हणून तो वर निघून गेला, कारण बॅच सुरू होणार होती.

तारामतीनं हातपायही धुतले नाहीत. तशीच रिक्षा करून गंजगोलाईला गेली. जिलानीच्या दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. तिनं कुणाची भीड ठेवली नाही. "चोर हास तू," ती म्हणाली. "आधी पेटी जाळलीस, ते गिळलं मी. आता जुन्या बॅटऱ्या गळ्यात मारल्यास. इधवा बाई हाय, तिला काय कळतंय, असंच ना?"

जिलानीनं हातातला पाना टेबलावर आपटला. "अक्का, जबान सांभाळा. जळालेली पेटी मी माझ्या गल्ल्यातून भरली. या दुकानात माझ्या बापानं चाळीस वर्षं धंदा केला. त्याला कुणी चोर म्हणलं न्हाई. मला पण ऐकायची सवय न्हाई."

"मग चल. दाव मला काय झालंय."

"चला. चूक माझी निघाली तर या बोळातून तोंड काळं करून जाईन. पण माझी निघाली न्हाई तर?"

तारामती रिक्षाकडं वळली. दुकान तसंच टाकून जिलानी तिच्याबरोबर आला.

त्यानं पेटी उघडली. मीटर लावलं. बॅटऱ्या पार तळाला गेल्या होत्या. एकीतलं पाणी प्लेटांच्याही खाली होतं. तो बराच वेळ वाकून बघत राहिला, मग तिला जवळ बोलावलं. बॅटरीच्या शिशाच्या ठोकळ्यांवर दातांचे ओरखडे होते. ताजे, चमकणारे. "हे बघा. कुणीतरी इथं चिमटे लावलेत. डायरेक बॅटरीला. कंट्रोलर मध्येच न्हाई, मग बंद कोण करणार? कायतरी दांडगं चालवलंय यावर. पार पिळून काढल्या." तो टपावर चढला. "अन् इथं चार नवी भोकं हायत. कशाची हायत?"

तारामतीला ठाऊक नव्हतं. जिलानीला चोर म्हटलेलं तिला आता बोचत होतं, पण शब्द परत घ्यायची तिला सवय नव्हती. ती एवढंच म्हणाली, "नीट होतील का?"

"एक होईल. दुसरीचं सांगता येत न्हाई." त्यानं दोन्ही काढून दुकानात नेल्या, पाणी भरलं, हळूहळू चार्ज केल्या आणि आठवड्यानं आणून बसवल्या. जाताना म्हणाला, "कुणी लावलं ते शोधा. न्हाईतर पुढच्या खेपेला ह्या फेकाव्या लागतील."

तिनं बालाजीला विचारलं. तो मोबाइलमध्ये बघत म्हणाला, "असेल एखादं पोरगं. बघतो."

दोन दिवसांनी, बुधवारी, पुनम म्हणाली, "आत्या, जरा गंजगोलाईतून लाल तिखटाला मिरच्या आणता का? तुमच्यासारख्या मला निवडता येत न्हाईत." तारामतीला बरं वाटलं. पिशवी घेऊन ती गेली. मिरच्यांच्या ढिगापुढं बसून देठं मोडून बघत होती, तेवढ्यात भोंगा ऐकू आला. क्लासच्या जाहिराती फिरवणारे ऑटो लातुरात रोजचेच. कुणी मान वर करून बघत नाही. तीही बघणार नव्हती.

पण भोंग्यातली बाई म्हणाली, "सिंधु स्मृती महा-शिष्यवृत्ती परीक्षा!"

तारामतीनं मान वर केली.

"भूकंपाच्या वीस वर्षांनंतर... ढिगाऱ्याखालून आलेला आपल्या चिमुकल्या बहिणीचा शेवटचा आवाज... आजही ज्यांच्या कानात घुमतो आहे... त्या बालाजी सरांचा संकल्प... मराठवाड्याच्या घराघरात एक डॉक्टर! नोंदणी सुरू! सिंधु स्मृती..."

गोलाईच्या वळणावरून वीरभद्रची जीप येत होती. जीपमागं तारामतीची गाडी. तिच्या खिडक्या फ्लेक्सनं झाकलेल्या. फ्लेक्सवर हात बांधून उभा असलेला बालाजी, त्याच्यामागं पडलेल्या घरांचा फोटो, आणि वरच्या कोपऱ्यात फ्रॉकमधली एक मुलगी. सिंधूचा फोटो कधी काढलाच नव्हता. ही कुणाची तरी गोरीगोमटी पोरगी होती, दोन वेण्या घातलेली. टपावर चार भोंगे, चारी दिशांना तोंडं करून.

तारामती उठली आणि सरळ रस्त्यात जाऊन जीपसमोर उभी राहिली. वीरभद्रनं करकचून ब्रेक दाबला. मागून ऑटोवाले, हातगाडेवाले ओरडायला लागले. "काकू, बाजूला व्हा, लागलं असतं ना!" वीरभद्र खिडकीतून म्हणाला.

"बंद कर ते."

"काय?"

"बंद कर म्हणलं न्हव का!"

भोंगा चालूच होता. ढिगाऱ्याखालून आलेला आपल्या चिमुकल्या बहिणीचा शेवटचा आवाज. तारामती जीपला वळसा घालून दांडीजवळ गेली. बॅटरीच्या पेटीचं झाकण उघडंच होतं आणि आत लाल आणि काळा असे दोन जाड चिमटे शिशाच्या ठोकळ्यांना चावून बसले होते. तिनं लाल चिमटा धरून हिसडला. ठिणगी उडाली, बोटांना चटका बसला. भोंग्यातली बाई अर्ध्या शब्दात गप्प झाली.

मग तिनं फ्लेक्स फाडायला घेतला. तो जाड होता, नखांनी फाटेना. मिरचीवाल्यानं न विचारता आपला विळा पुढं केला. तिनं आधी ती फ्रॉकमधली मुलगी कापून काढली, तिची घडी करून पिशवीत ठेवली, कारण कुणाची का असेना, लेकराचा फोटो रस्त्यात टाकवेना. उरलेला फ्लेक्स टराटरा फाडून गटारात फेकला. बघ्यांची गर्दी झाली होती. गर्दीत जिलानीही होता. तो पुढं आला नाही. फक्त गर्दी मागं सारून त्यानं जीपला वाट करून दिली.

"तुला तोंड न्हाई?" तारामती वीरभद्रला म्हणाली. "माझी गाडी. मला इचारता येत न्हाई?"

"सर म्हणले आईला माहीत हाय. खरंच काकू. आईनंच दिली म्हणले."

"चल घरी."

क्लासमध्ये बॅच चालू होती. बालाजी कॉलरला माइक लावून शिकवत होता. तारामती लाल चिमटा वायरीसकट उपसून हातात घेऊन, चपला न काढता सरळ वर्गात गेली. शंभरेक मुलं मागं वळून बघायला लागली. "बाहेर ये," ती म्हणाली. बालाजीनं तिच्या हातातल्या चिमट्याकडं पाहिलं, माइक काढून टेबलावर ठेवला आणि मुकाट्यानं मागं पार्किंगमध्ये आला. पुनम जिन्यात येऊन थांबली होती.

"खरं हाय का ते?" तारामतीनं विचारलं.

"काय?"

"आवाज. तुझ्या कानात हाय म्हणं. खरं हाय का जाहिरातवाल्यानं लिहिलंय?"

बालाजी म्हणाला, "खरं हाय."

"ती जिती होती?"

"हाव."

"किती येळ?"

"मला काय कळणार आई. अंधार होता. बारा वर्षांचा होतो मी."

वीस वर्षं सगळ्यांनी तिला सांगितलं होतं की झोपेतच गेली, कळलंसुद्धा नसेल. तिनंही तेच धरून ठेवलं होतं. "वीस वर्षं," ती म्हणाली. "वीस वर्षं माझ्या ताटाला ताट लावून जेवलास अन् मला सांगितलं न्हाईस. अन् गोलाईत मिरच्या निवडताना मला ते भोंग्यातून कळावं? पैशे घेऊन बोलणाऱ्या बाईकडून? ज्याला त्याला आधी कळलं. मिरचीवाल्याला कळलं. मला शेवटाला!"

"गरीब पोरांना फुकट शिकवणार हाय मी त्यातून! तिचं नाव ऱ्हाईल म्हणून केलं."

"नाव ऱ्हावं म्हणून केलंस तर मला चोरून का केलंस? मिरच्या आणायला का धाडलंस?"

पुनमनं खाली मान घातली.

"तुला इचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?" आता बालाजीचाही आवाज चढला. "या घरात तिचं नाव काढायची सोय हाय का? वीस वर्षं तू एकटीच आई अन् आम्ही कुणीच न्हाई! माझी बहीण नव्हती ती? तू बाहेर होतीस. मी आत होतो. तिच्या शेजारी मी होतो!"

"मग सांगायचं होतंस!"

"काय सांगू? मी वरडत होतो म्हणून तू माझ्या अंगाला खणत आलीस. ती माझ्यापल्याड होती. तिचा आवाज बारीक, तुझ्यापर्यंत येत नव्हता. मी गप बसलो असतो तर कदाचित तुला तिचा आवाज आला असता. हे सांगू? हे सांगितल्यावर तू माझ्याकडं बघितलं असतंस का?"

ऑफिसच्या मागच्या खिडकीत दोन-तीन पालक येऊन उभे राहिले होते. तारामतीला ते दिसले, तरी तिचा आवाज उतरला नाही. "वरडलास म्हणून काढलं तुला. लेकरू वरडणारच. त्याच्यात तुझी काय चूक? त्याच्यासाठी मी तुला एक शबुद बोलले नसते, जितेपणी न्हाई. पण तू ते इकलंस, बालाजी. मला सांगायला तुझं तोंड उघडलं न्हाई अन् इकायला उघडलं. माझ्या गाडीवर, माझ्या बॅटरीवर, माझी लेक."

बालाजी काहीतरी म्हणाला, पण ते तिनं ऐकून घेतलं नाही. ती गाडीत चढली आणि आतून वीरभद्रला हाक मारली. "जोड जीप. शेताकडं चल."

"सगळीकडं चिखल हाय काकू."

"बांधावर मुरूम हाय. तिथं लाव."

त्याच दिवशी ती निघून गेली.

शेतावर सोयाबीन काढायला आलं होतं. बाया कामाला होत्या, त्यांच्यावर ओरडायला कारणं रोज मिळत होती. पण रात्री तिला झोप लागेना. पंखा पहाटेच्या आधीच थांबायचा, कारण एक बॅटरी कायमचीच गेली होती. तिनं जिलानीला फोन केला. तो लातूरहून एसटीनं नवी बॅटरी घेऊन आला, फाट्यापासून बैलगाडीनं. नव्या बॅटरीशेजारी जुनी अर्धमेली ठेवली तर ती नवीलाही ओढून नेते, असं म्हणून त्यानं जुनी काढूनच टाकली. पॅनलवर पुन्हा गोधडी टाकली. बॅटरी आधी, पॅनल नंतर. या खेपेला त्यानं बॅटरीजवळच एक फ्यूज घातला आणि पेटीला कुलूप लावून किल्ली तिच्या हातात दिली.

"जिलानीभाई," ती म्हणाली, "त्या दिवशी मी लई बोलले."

"बोललात. मी पण बोललो. आता टपावरची भोकं बुजवायचीत, शिडी धरा."

तिनं शिडी धरली. वरून तो म्हणाला, "परवा क्लासचा ऑटो गेला दुकानासमोरून. नाव बदललंय. नुसती शिष्यवृत्ती परीक्षा म्हणायलेत. अन् ते ढिगाऱ्यातल्या आवाजाचं पण काढून टाकलंय." तारामती शिडी घट्ट धरून राहिली.

बालाजीचा फोन यायचा. ती उचलायची नाही. पुनमचा उचलायची आणि तिला दोन शब्द सुनावून ठेवून द्यायची. परीक्षा झाली, दिवाळी झाली. ज्वारी गुडघ्याला आली तेव्हा एका रविवारी दुपारी बालाजी एकटाच मोटारसायकलवर आला. जीप नाही, क्लासचा टी-शर्ट नाही. बांधावर गाडी लावून तो पायरीशी येऊन उभा राहिला. ती आत शेंगा फोडत बसली होती. तिनं ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. तो खाली मुरमावर बसला.

"चुकलं आई."

"ते मला माहीत हाय. ते ऐकायला मी बसले न्हाई."

"मग काय सांगू?"

"सगळं. तिथलं. पहिल्यापासून. भोंग्यात सांगितलंस तसं न्हाई."

बालाजीनं बराच वेळ मुरमातले खडे वेचले. मग सांगायला लागला. आधी नुसती माती, तोंडात, डोळ्यांत. बापाचा आवाज आलाच नाही. पायावर तुळई. मग डाव्या अंगाला काहीतरी हललं.

"ती मला म्हणायलती, दादा सरक. मीच तिला दाबून धरलंय असं वाटलं तिला. मी म्हणलं, सरकता येईना गं. मग ती चिडली. लई चिडली. आईला सांगते म्हणली. मला नावं ठेवायली, ते तू बाल्या टकल्या म्हणायचीस ना, ते."

"रडत नव्हती?"

"न्हाई. भांडायलती. मग दमली असंल. मग गप झाली."

तारामती रडली, ते तोंड झाकून नाही. शेतात कामाला असलेल्या बायांनी वर बघितलं आणि पुन्हा खाली वाकल्या. बालाजी उठून जवळ यायला लागला तशी तिनं हातानं त्याला तिथंच थांबवलं. त्याला जवळ घ्यावं असं तिला अजून वाटत नव्हतं. त्या भोंग्याची आठवण झाली की अजून तिच्या कानशिलाची शीर उडायची.

"टकल्या तिला म्हणता येत नव्हतं," डोळे पुसून ती म्हणाली. "टतल्या म्हणायची."

"हाव. टतल्याच म्हणली."

उन्हं कलली तसं तिनं त्याला उठवलं. रस्ता खराब होता. त्यानं विचारलं, पुढच्या रविवारी पुनमला घेऊन येऊ का.

"तिला पुढं कधीतरी आण. तिच्याशी माझं येगळं भांडण हाय," तारामती म्हणाली. "पुढच्या रविवारी तू एकटा ये. तुझ्या बापाचं तू एका वाक्यात उरकलंस, ते राहिलंय सांगायचं."

तो गेला. तिनं सूप पुढं ओढलं आणि उरलेल्या शेंगा फोडायला घेतल्या.